रानफुलं आणि माश्या बघायला दहापटीचं भिंग: काय बघून घ्यावं

वसंत सरता सरता रानफुलं बदलतात आणि त्यांच्यावरच्या एकांड्या माश्याही (मधमाशीच्या नात्यातल्या, पण पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या). घरटं मातीने लिंपणाऱ्या ऑस्मिया विरळ होतात, पानांचे गोल तुकडे कापून नेणाऱ्या मेगाकाइल दिसू लागतात. हे टिपायला १० पटीचं, तीन काचांचं, घडीचं भिंग सगळ्यात कामाचं. काच १८ ते २१ मि.मी. व्यासाची असावी.

छापील आकड्यावर विसंबू नका. २५० ला नाभीय अंतराच्या (भिंगापासून वस्तू जितक्या अंतरावर स्पष्ट दिसते त्याच्या) मिलिमीटरांनी भागलं की खरी पट निघते. म्हणजे १० पटीला अंतर २५ मि.मी. ‘४० पट, २५ मि.मी.’ असं कोरलेल्या (इथे २५ मि.मी. हा काचेचा व्यास) स्वस्त भिंगाला हे अंतर जेमतेम ६ मि.मी. हवं, आणि एवढ्या रुंद काचेत ते साधणं अशक्यच. घेण्याआधी आलेख-कागदावर धरून बघा. कडेच्या रेषा वाकल्या किंवा त्यांना निळी-तांबडी झालर आली, तर ते भिंग घेऊ नका.

भिंग डोळ्याला टेकवायचं आणि फूल भिंगाकडे आणायचं. बरेच जण भिंग लांब धरतात, मग दृश्य टिचभर उरतं. सूर्यफुलाच्या कुळातलं ‘एक’ फूल नीट बघा: ती बारीक पुष्पकांची दाटी असते आणि प्रत्येकाची दुभंगलेली कुक्षी (पराग झेलणारं टोक), तिला चिकटलेले पराग सुटे दिसतात. एवढ्यासाठीसुद्धा हे भिंग घ्यावं!

जागी माशी मात्र २५ मि.मी.वर टिकत नाही. तिच्यासाठी ५ पटीचं बरं, त्यात ५० मि.मी. अंतर मिळतं. गार सकाळी काही जातींचे नर जबड्याने देठ धरून झोपलेले सापडतात, तेव्हा १० पट चालते. शृंगिकेचे (डोक्यावरच्या मिशीचे) भाग मोजा: नराला १३, मादीला १२. मेगाकाइलची मादी पराग पोटाखालच्या केसांत कोरडेच नेते, तर मधमाशीच्या मागच्या पायांवर त्यांची ओलसर गोळी असते. हा फरक नुसत्या डोळ्यांनाही कळतो, पण भिंगातून केसन्‌केस दिसतो.

उणिवा दोनच. बिजागरीचा स्क्रू सैल होतो, तो अधूनमधून आवळावा लागतो. दोरी बहुतेकदा सोबत येत नाही. ती रंगीत घ्या, म्हणजे गवतात पडलेलं भिंग सापडतं. काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, धुळीतल्या वाळूने चरे पडतात. आधी फुंकर, मग मऊ कापड. आणि उन्हात भिंग उघडं ठेवू नका, वाळलेलं गवत पेटू शकतं.