मधुमेहींचे डोळे तपासणारं मॉडेल: निकाल देणारं घ्यावं की फोटो परत पाठवणारं?

गोव्यात सत्तरी-डिचोलीकडच्या छोट्या दवाखान्यात मधुमेहींचा डोळ्याचा पडदा फोटोवरून तपासायला कृत्रिम बुद्धिमत्तेचं (एआय) मॉडेल घ्यायचं असेल, तर साधारण दोन प्रकार समोर येतात. पहिला प्रत्येक फोटोवर सरळ निकाल देतो: ‘पुढे (मोठ्या रुग्णालयात) पाठवा’ किंवा ‘गरज नाही’. दुसरा मधुमेहाने पडद्याला होणाऱ्या आजाराची शक्यता टक्क्यांत सांगतो आणि फोटो नीट नसेल तर ‘पुन्हा काढा’ म्हणतो. वेग पहिल्याचा जास्त, विक्रेत्याच्या कागदावरही तोच सरस दिसतो.

वाळपईच्या एका शिबिरात मी दोन्हींना एकच फोटो दाखवला. आजी पंच्याहत्तरच्या, बाहुली बारीक, मोतीबिंदूची सुरुवात. फोटो धुक्यातून काढल्यासारखा, शिरासुद्धा धड दिसत नव्हत्या. पहिल्याने ‘गरज नाही’ सांगितलं. दुसऱ्याने फोटो परत पाठवला. थेंब घालून बाहुली मोठी केली, अर्ध्या तासाने पुन्हा फोटो काढला, तेव्हा रक्ताचे बारीक ठिपके, म्हणजे आजाराची खूण, स्पष्ट दिसले. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे.

पण फोटो परत आला की वेळ जातो. थायलंडच्या दवाखान्यांत गूगलचं असंच मॉडेल वापरलं, तेव्हा १,८३८ पैकी २१ टक्क्यांहून जास्त फोटो त्याने नाकारले, असं २०२० साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, ती वेगळीच.

विक्रेत्याच्या ‘९० टक्के अचूक’ या आकड्याचा हिशेब मात्र स्वतः करा. हजार मधुमेहींत शंभर जणांना आजार असला, तर मॉडेल नव्वद पकडेल. उरलेल्या नऊशे निरोग्यांतलेही नव्वद चुकून पुढे पाठवेल. म्हणजे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) धाडलेल्यांपैकी निम्मे विनाकारण जाणार, रोजंदारी बुडवून. दुसऱ्या प्रकारात किती टक्क्यांवर चिठ्ठी द्यायची हे आपण ठरवू शकतो. मात्र ‘७० टक्के’ सांगितलेल्या शंभरांत खरोखर सत्तरच्या आसपास आजारी निघायला हवेत, नाहीतर त्या टक्क्यांना अर्थ नाही.

हे तपासायला डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच निदान केलेले तुमच्याच रुग्णांचे जुने फोटो दोन्ही मॉडेलांना द्या. मोतीबिंदूवाल्यांचे आकडे वेगळे काढा, सरासरीत ते दडतात. अमेरिकेत सेप्सिस (संसर्गामुळे जिवावर बेतणारी अवस्था) ओळखणारं एक मॉडेल शेकडो रुग्णालयांत चालू होतं. मिशिगनमध्ये ते स्वतंत्रपणे तपासलं, तेव्हा ६७ टक्के सेप्सिसचे रुग्ण त्याच्या नजरेतून सुटलेले निघाले. हा अभ्यास २०२१ चा.

थेंब घालायला आणि अर्धा तास थांबवून घ्यायला तुमच्याकडे माणूस असेल, तर दुसरं घ्या. नसेल, तर आधी त्या माणसाची सोय करा, मॉडेल पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल.