छोट्या ऑफिसची हवा: एअर प्युरिफायर घ्यावा की एक्झॉस्ट बसवावा?

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याला फुफ्फुसाचा क्षय निघाला. नऊ माणसं, २० बाय २५ फुटांचा हॉल, दोन स्प्लिट एसी आणि थंडावा जाऊ नये म्हणून कायम लावलेल्या खिडक्या. सहा महिन्यांच्या उपचारांनी तो पूर्ण बरा झाला, बाकीच्यांच्या तपासण्याही ठीक आल्या. पण ते रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी विसरलेलो नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही, आतलीच फिरवत राहतो, हे मला माहीत होतं. तरी मी काही केलं नव्हतं.

आधी प्युरिफायर आणला. त्यातला हेपा, म्हणजे हवेतले बारीक कण अडकवणारा फिल्टर, चांगलं काम करतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भिंत फोडावी लागत नाही, जागामालकाला विचारावं लागत नाही, रस्त्याची धूळ आत येत नाही.

अडलं ते आवाजापाशी. खोक्यावरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र ताशी किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, पूर्ण वेगाचा असतो आणि पूर्ण वेगात फोनवर बोलणं कठीण होतं. आमचं निम्मं काम फोनवर, त्यातही आकड्यांचं. मी वेग वाढवायचो; अर्ध्या तासात कुणीतरी उठून यंत्र स्लीप मोडवर टाकायचं. त्यांना तरी काय म्हणणार? क्लायंटचं नीट ऐकू तर यायला हवं. पण ताशी पाच वेळा हवा स्वच्छ व्हावी, असं अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी २०२३ पासून सुचवते. दहा फूट उंचीच्या आमच्या हॉलला त्यासाठी ताशी सुमारे ७०० घनमीटर हवा लागते. आमचं यंत्र पूर्ण वेगात ३५० द्यायचं. स्लीप मोडवर दिवा तेवढा हिरवा दिसायचा आणि आम्ही निर्धास्त राहायचो. मला तेच खटकलं.

मग बारा इंची एक्झॉस्ट बसवला. इलेक्ट्रिशियन तो उघड्या खिडकीच्या शेजारीच लावत होता. तसं केलं असतं तर आलेली हवा तिथूनच बाहेर गेली असती. पंखा एका टोकाला, चार बोटं उघडी खिडकी समोरच्या टोकाला, हे सांभाळा. दुपारी चारच्या सुमारास आमच्या मीटरवर श्वासातून साचणारा कार्बन डायऑक्साइड १५०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) वर जायचा, आता ९००च्या आसपास राहतो. अर्थात प्युरिफायरला हे माप लावणं बरोबर नाही; तो कण गाळतो, वायू गाळत नाही. एक्झॉस्टलाही आवाज आहे, पण टेबलांपासून लांब. आणि त्याचं बटण दिव्यांबरोबर जोडून घेतलंय, त्यामुळे तो रोज चालतोच.

त्रास आहेत. एप्रिल-मेमध्ये हॉल लवकर गार होत नाही, बिल वाढलं, पावसाळ्यात कागद सर्द होतात, टेबलं रोज पुसावी लागतात. शेजारी बांधकाम चालू असेल किंवा काचेच्या इमारतीत खिडकी उघडतच नसेल, तर प्युरिफायरच घ्या; फक्त गरजेच्या दुप्पट क्षमतेचा, म्हणजे मधल्या वेगावर भागेल. (ताप-खोकला असलेल्याला पगारी रजा हे या दोन्हींच्या आधी. त्याला पर्याय नाही.)

आमचा जुना प्युरिफायर आता मीटिंगच्या बिनखिडकीच्या खोलीत आहे. तिथे चौघं बसतात, फोन बाहेर ठेवतात आणि तो पूर्ण वेगात चालतो.