पहिलं पॉलिशिंग मशीन: रोटरी की ड्युअल ॲक्शन?

घरी पहिल्यांदाच गाडी पॉलिश करणार असाल तर ड्युअल ॲक्शन घ्या. रोटरीचा पॅड एकाच अक्षाभोवती गरगरतो. खोल ओरखडे लवकर निघतात, पण उष्णताही भराभर वाढते. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचाच, बॉनेटच्या कडांवर बहुधा त्याहून पातळ. तिथे रोटरी रेंगाळली की खालचा रंग उघडा पडतो, आणि मग तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज नाही. काळ्या गाडीवर उन्हात दिसणारे होलोग्रामचे पट्टे (पॅडच्या फिरण्याच्या चमकत्या खुणा) ही बहुतेकदा रोटरीचीच देणगी.

ड्युअल ॲक्शनचा पॅड फिरता फिरता हेलकावतोही. जोर जास्त दिला किंवा पॅड तिरका धरला, की फिरणं थांबतं आणि मशीन नुसतं थरथरतं. धोका कमी, पण कामही होत नाही! म्हणून बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर बसतो त्या चकतीच्या) कडेवर मार्करने रेघ मारा. ती फिरताना दिसली पाहिजे. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब. मशीनचा वेग १ वर ठेवून पसरवा, मग ४-५ वर आडव्या-उभ्या मिळून चार-सहा सावकाश फेऱ्या. कडांना आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावाच.

पॉलिशआधीचं धुणं दोन्हींसाठी सारखंच: सावलीत, शाम्पूची बादली वेगळी, मिट (धुण्याचा हातमोजा) खळखळायची वेगळी, मग क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी). धुळीचा कण राहिला तर पॅड तोच घासत बसतो. बोअरचं पाणी पत्र्यावर वाळलं तर क्षारांचे डाग पडतात.

रोटरी खरी उपयोगी पडते ती सँडिंगच्या, म्हणजे पॉलिश पेपरने घासल्याच्या, खुणा काढायला. नवशिक्याने सँडिंग करूच नये.