मालवणच्या जेटीवर हवेचे फेंडर: दिवाळी ते मे

आमच्या प्रवासी बोटीच्या बाजूंचे टायर उतरवून हवेचे फेंडर (बोट जेटीवर आपटू-घासू नये म्हणून मध्ये टांगायच्या हवा भरलेल्या उशा) लावले ते दिवाळीच्या जरा आधी, पर्यटकांची गर्दी सुरू होण्यापूर्वी. आता मे संपत आलाय, बोट वर ओढायची तयारी चालू आहे. म्हणजे अख्खा हंगाम त्यांनी मालवणच्या जेटीवर काढला. ‘कोणते घेऊ?’ असं बरेच बोटवाले विचारतात. माझं मत असं की कुठला फेंडर घेतला त्यापेक्षा त्यात हवा किती भरली आणि तो कुठल्या उंचीला टांगला, यावर सगळं ठरतं. चुकीच्या उंचीला टांगलेला महागातला फेंडर बोटीचं काहीही वाचवत नाही.

बोट फायबरची, २८ फुटी, मागे बाहेरून लावलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड, वर पाइपावर ताणलेलं कापडी छत. बोटीच्या लांबीतल्या दर चार-पाच फुटांमागे एक इंच व्यास, असा फेंडरचा ढोबळ हिशोब असतो. त्यानुसार सहा-सात इंचांचे पुरले असते. पण आपल्याकडे जेटीशीही पाणी उसळतं आणि काँक्रीटची कड खडबडीत, म्हणून ८.५ इंच व्यासाचे, २७ इंच लांबीचे घेतले. नरम पीव्हीसीचे, दोन्ही टोकांना दोरी ओवायला भोक असलेले. प्रत्येक बाजूला तीन, शिवाय नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळच्या, गोलाईसाठी एक मोठा गोल फेंडर. बाजारात या घडणीचे बरेच आहेत, त्यामुळे पुढचा अनुभव एका कंपनीचा नाही, या प्रकारच्या फेंडरचा समजा.

टायर वाईट नव्हे. मुंबईच्या ससून डॉकला मासेमारीचे ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात, टगबोटी जहाजांना रेटतात, तिथे टायरच हवेत. बोट चालवणारा आमचा तांडेल अजून विचारतो, “टायराक हवा लागता काय?” त्याचा प्रश्न रास्त आहे. पण पांढऱ्या फायबरवर टायरचे काळे पट्टे उठतात, उतरणाऱ्या माणसांचे कपडे खराब होतात, आणि टायर झिजला की आतली तार बाहेर येऊन जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, चरे पाडते. जेलकोट एकदा फुटला की पाणी आतल्या थरात शिरतं आणि पुढची दुरुस्ती साधी राहत नाही. प्रवासी बोटीला हवेचे फेंडर घ्यावेत, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

हवेबद्दल सविस्तर सांगतो, कारण बहुतेक बोटींवर मला फेंडर दगडासारखे टणक भरलेले दिसतात. एवढ्या फेंडरला साधारण ०.१५ बार, म्हणजे दोन-सव्वादोन पीएसआय दाब पुरतो. गाडीच्या टायरात तीस पीएसआयच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. मोठी जहाजं समुद्रात एकमेकांना लावताना मध्ये जे प्रचंड रबरी फेंडर टाकतात (जपानच्या योकोहामा रबर कंपनीने ते १९५८ साली आणले), त्यांतसुद्धा ५० किंवा ८० किलोपास्कलच दाब असतो, म्हणजे गाडीच्या टायरपेक्षा कितीतरी कमी. धक्का आला की फेंडरने चपटं व्हायचं आणि तो भार बोटीच्या मोठ्या भागावर पसरवायचा, हे त्याचं काम. टणक फेंडर चपटा होत नाही, उसळतो. सगळा भार एका जागी येतो आणि दोरीच्या भोकाजवळचं प्लास्टिक फाटायला लागतं.

त्यात आपलं ऊन. सकाळी वीस अंशांत ०.१५ बार भरलेला फेंडर दुपारी उन्हात पन्नास अंशांपर्यंत तापला, तर फेंडर फुगला नाही असं धरून आतला दाब ०.२७ बारच्या आसपास जातो, जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्षात पीव्हीसी थोडं ताणतं, म्हणून तेवढा चढत नाही. तरी सकाळी थोडी कमीच हवा ठेवायची. दोन पीएसआयला सायकलच्या गेजवर काटा धड हलत नाही, त्यामुळे मी शिंप्याची टेप वापरतो. ८.५ इंच व्यासाचा घेर २६.७ इंच भरतो. सकाळी घेर त्याच्या किंचित आत आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर फेंडर सहज दबतोय, एवढं पाहिलं की पुरे. भरायला फुटबॉलचा पंप चालतो, फक्त सुई ओली करून घालायची. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर कापते.

आता जागा. बोटीची सर्वांत रुंद जागा आधी शोधायची, कारण जेटीला पहिली तीच लागते. एक फेंडर बरोबर तिथे, बाकीचे दोन पुढेमागे, जिथे बाजू आत वळायला लागते तिथे. गोल फेंडर नाळेच्या खांद्यावर, कारण जेटीला येताना बोट तिरकी येते आणि पहिला घाव तिथे बसतो. दोरी क्लीटला (दोरी गुंडाळायच्या खुंटीला) किंवा काठावरच्या कडीला बांधायची. छताच्या पाइपाला बांधलेली मी रोज पाहतो. पाइप उंच, त्यामुळे फेंडर लंबकासारखा झुलतो आणि नेमक्या धक्क्याच्या वेळी जागेवर नसतो. शिवाय सगळा ताण पाइपाच्या स्क्रूंवर येतो.

उंची मात्र एकदा ठरवून सोडून देता येत नाही. तरंगत्या जेटीला सोपं असतं. जेटी आणि बोट सोबतच वरखाली होतात, फेंडर पाण्याच्या जरा वर राहील असा ठेवला की झालं. पक्क्या जेटीला आपल्याकडे उधाणात पाणी साधारण दोन मीटर वरखाली होतं (मुंबईत याहून बरंच जास्त). भरतीला बोटीचा काठ जेटीच्या कडेला भिडतो, तेव्हा फेंडर वर हवा. ओहोटीला बोट खाली जाते, समोर भिंतीऐवजी खांब येतात आणि उभा टांगलेला फेंडर दोन खांबांच्या मधल्या पोकळीत शिरतो. खांब सरळ फायबरवर घासतो. अशा वेळी दोन्ही टोकांच्या भोकांतून दोरी घेऊन फेंडर आडवा बांधायचा, किंवा दोन उभ्या फेंडरांच्या बाहेरून एक फळी आडवी टांगायची. फळी खांबावर सरकते, फेंडर फळीमागे दबतात. हंगामात सगळ्यात जास्त उपयोग मला या फळीचा झाला.

खरा धोका पाणी चढताना. काठ जेटीच्या स्लॅबखाली किंवा आडव्या तुळईखाली अडकला तर बोट वर येऊ शकत नाही, कलते. तिथे जगातला कुठलाही फेंडर उपयोगाचा नाही. बोटीवर माणूस ठेवायचा आणि दोऱ्या सैल-घट्ट करत राहायचं. सकाळच्या मतलई वाऱ्यात बंदर शांत असतं तेव्हा हे जाणवत नाही. दुपारनंतर खारा वारा भरला की उसळी वाढते, आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावरून परतणारी गर्दीही त्याच वेळची. तेव्हा लोक नकळत हात बाहेर काढून जेटी धरायला जातात. फेंडर लावलेत म्हणून निर्धास्त राहू नका, प्रत्येक फेरीला हात आत घ्यायला सांगा. बोटीचा चरा भरून निघतो, चिरडलेली बोटं परत येत नाहीत.

तक्रारीही आहेत. एकाचा व्हॉल्व्ह सुरुवातीपासून हळूहळू गळत होता. साबणाचं पाणी लावून पाहिलं तर बारीक बुडबुडे. विक्रेत्याने बदलून दिला नाही, नवा व्हॉल्व्ह मीच घेतला. वाळू ही दुसरी कटकट. ओल्या फेंडरला वाळू चिकटली की तो फायबरवर पॉलिश पेपरचं काम करतो, त्यामुळे रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणं आलं. थिनरने पुसू नका, पीव्हीसी आधी चिकट होतं, मग कडक. आणि जेटी सोडली की फेंडर आत घ्या. पाण्यात ओढत नेले तर भोकं ताणली जातात.

आता सगळे धुऊन, अर्धी हवा काढून, सावलीत टांगून ठेवतोय. रंग किंचित उडालाय, पण पीव्हीसीला कुठे चीर नाही, आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना या हंगामात नवा चरा पडलेला नाही. पुढच्या हंगामाआधी दुसऱ्या बाजूच्या खांद्यालाही एक गोल फेंडर आणि थोडी लांब फळी घेणार आहे. पैसे मोजकेच असतील तर फेंडर दर बाजूला तीनच घ्या, पण लहान मापाचे घेऊ नका, आणि उरलेल्या पैशात फळी व चांगली दहा मिलिमीटरची नायलॉन दोरी आणा.