नवापूरकडचं पुरुषांचं शिबिर: जाऊन आलो, सांगतो

जानेवारीत नवापूरकडच्या एका मिशन कंपाउंडात ख्रिस्ती पुरुषांचं शिबिर होतं. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, राहणं-जेवण धरून 900 रुपये. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, दोघं-तिघं विचारतायत, पुढच्या वर्षी जावं का? म्हणून लिहितो.

मी धरणगावकडं कापसाच्या एका जिनिंगात वजनकाट्यावर बसतो. ऐन सीझनमध्ये शनिवारची रजा मिळाली, त्यातच निम्मे पैसे वसूल. सुरत पॅसेंजरनं गेलो. नंदुरबारला मिरचीचा खकाणा डब्यात शिरला आणि सगळा डबा शिंकायला लागला. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथून जीप.

हॉलमध्ये शिरताच भलामोठा फ्लेक्स. त्यावर सिंह, तलवार आणि 'मर्दासारखे वागा', पहिले करिंथ 16:13, म्हणजे बायबलातलं पौलाचं पत्र. फ्लेक्स झकास होता, पण आमच्या आईनं लहानपणी हा भाग पाठ करून घेतलेला, त्यामुळं 14वं वचन आपसूक ओठावर आलं. जे काही कराल ते प्रीतीनं करा, असं पौल लगेच पुढं सांगतो. ते फ्लेक्सवर नव्हतं. एवढा मोठा सिंह काढल्यावर जागा कुठून उरणार!

शनिवारी सकाळी मोठ्या शहरातून आलेले वक्ते. लॅपटॉप, स्लाइडी, सव्वादोन तास. विषय, पुरुष हा घराचं शिर. इफिसकरांस पत्र, अध्याय 5, वचन 23 त्यांनी किमान सात वेळा वाचलं. 21व्या वचनात एकमेकांच्या अधीन राहा म्हटलंय आणि 25व्यात नवऱ्यांना सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा. ही दोन्ही वचनं त्यांनी पळत पार केली. तेवढा वेळ मागच्या पडवीत मंडळीच्या बाया कांदे चिरत होत्या. त्यांची खोकल्याची उबळ आम्हाला ऐकू यायची, आमचं शिरपुराण त्यांना. दुपारी ताटंही त्यांनीच घासली. मी माझं ताट घेऊन नळावर गेलो, तर संयोजक म्हणाले, "भाऊ, राहू द्या, पाहुणे आहात." (जेवणाला मात्र पैकीच्या पैकी गुण. कळण्याची भाकरी, ठेचा, रात्री शेवभाजी.)

दुपारचं सत्र एका तरुण मास्तराचं, जेमतेम अर्धा तास, पण नेटकं. डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन पाळक (पास्टर) 1939 मध्ये अमेरिकेत सुखरूप होता. काही आठवड्यांतच तो हिटलरच्या जर्मनीत परत गेला आणि 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी दिलं. मास्तर एवढंच सांगून बसले. मग व्हॉलीबॉल. हा खेळही 1895 मध्ये अमेरिकेतल्या एका वायएमसीएत, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत, निघालेला, म्हणजे अंग कमवा आणि धर्म सांभाळा ही परंपरा जुनीच आहे. माझा गुडघा त्या परंपरेत बसत नाही.

पैसे खरे वसूल झाले ते रात्री. मैदानात शेकोटी आणि मावची या तिथल्या आदिवासी बोलीच्या वळणाच्या मराठीत बोलणारे एक म्हातारे पाळक. स्वेटरला कोपरावर ठिगळ, हातात माइक नाही. काडीनं निखारे सारत ते म्हणाले, "पेत्रबी असाच शेकत बसला होता." पेत्र म्हणजे येशूचा शिष्य. येशूला धरायला बागेत शिपाई आले तेव्हा त्यानं तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापला. तिथं भीती वाटली नाही. पण त्याच रात्री अंगणात एका दासीनं विचारलं, 'तूही त्याच्यातलाच ना?' आणि गडी नाही म्हणाला. "तलवारीचं धैर्य होतं. एक शब्द बोलायचं नव्हतं." एवढं सांगून ते बराच वेळ गप्प. मग आम्हाला कागद वाटले. आपण कुठं गप्प बसलो ते लिहायचं आणि शेकोटीत टाकायचं.

मला आठवावं लागलं नाही. पूर्वी एका जिनिंगात होतो, तिथं क्विंटलमागं ठरलेल्यापेक्षा जास्त कडता, म्हणजे वजनातली घट, कापायचे आणि पावती मी लिहायचो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पावती डोळ्यांजवळ धरून विचारलं होतं, "भाऊ, इतलं कमी कसं भरनं?" मी म्हणालो, ओल होती. कापूस कोरडा ठणठणीत होता.

बाकीच्यांनी कागद जाळले. मला ते सोपं वाटलं, म्हणून मी माझा खिशात ठेवला. पाळकांनी पाहिलं, बोलले काही नाहीत. रविवारी उपासनेनंतर निघताना त्यांनी हात धरून एवढंच विचारलं, "त्याचं गाव माहीत आहे का?" माहीत आहे. चोपड्याच्या रस्त्यावर.

तर पाचातले साडेतीन तारे. एक सकाळच्या सत्रासाठी कापला, अर्धा भांड्यांसाठी. थंडी मरणाची असते आणि तिथली चादर पातळ, तेव्हा रग घरून न्या. शनिवारी उशिरा पोचलात तरी चालेल, फक्त शेकोटी चुकवू नका. आणि संयोजक काहीही म्हणोत, ताट स्वतः घासा. नळ हॉलच्या डाव्या अंगाला आहे.