सहा चेहऱ्यांचा कागद: नऊ महिने वापरल्यावर

आधी हिशेब सांगते. मनात काय चाललंय ते चेहऱ्यांवरून ओळखायचा हा कागद फुकट मिळाला. तो हाती येण्याआधीच्या एका दिवसाच्या रागाचे मात्र मला 1,600 रुपये पडले, मोबाइलच्या काचेचे.

आमची पिठाची गिरणी आहे, आर्वी तालुक्यात. मागच्या पोळ्याला तीन दिवस उरले होते, दळणाचे डबे दारापर्यंत लागले होते आणि मोटर जळली. तीन महिन्यांपूर्वीच तिचं रिवाइंडिंग केलं होतं, म्हणून ग्यारंटीची चिठ्ठी घेऊन त्याच दुकानात गेले. दुकानदार चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "वहिनी, चालवता येत नसन त गिरणी कायले टाकली?" वरून 4,500 रुपये घेतले. तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी आले, मुलीने वहीसाठी पैसे मागितले आणि मी मोबाइल भिंतीवर आपटला. ती कोठीमागे जाऊन बसली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिच्यावर काऊन कावतं वं? तिनं का केलं?"

भादव्यात बचत गटाच्या बैठकीत एका बाईंनी हा कागद वाटला. सहा चेहरे, खाली सहा शब्द: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. मनात काय चाललंय ते ओळखा, चेहऱ्यावर बोट ठेवा, लांब श्वास सोडा, मग बोला. श्वास, दहापर्यंत आकडे, तोंडावर गार पाणी हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. सोडताना वेळ जास्त लागला की छातीची धडधड उतरते. दोन-तीन मिनिटांत फरक कळतो. गिरणीत मात्र हे करू नका, पीठ नाकात जातं. बाहेर ओट्यावर या. रांजणातल्या गार पाण्याचा हबका तोंडावर मारला की ठोके मंदावतात, हेही खरं निघालं.

पहिले दोन महिने मी चुकीचं वापरलं. सांभाळायचं म्हणजे गिळायचं, असं समजून बसले. कोणी काही बोललं की चेहरा दगडासारखा करायचा. संध्याकाळी डोकं ठणकायचं आणि रात्री तेच बोलणं परत ऐकू यायचं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी दोन गुण दिले असते. नंतर वाचलं की अमेरिकेतल्या जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात हेच तपासलं होतं. लोकांना नकोशा वाटणाऱ्या फिल्मा दाखवल्या आणि काहींना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा शांत राहिला, आतली किळस तेवढीच राहिली आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. शेजारच्या काकू म्हणायच्या, भांडे आपट, मोकळी हो. तेही फसवं आहे. ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात, ज्याचा राग आला त्याला आठवत पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग आणखी चढला होता.

माझं मत पालटलं ते थंडीत. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाइन रात्री बाराला यायची. हे वावरात जायचे आणि मी जागी. सकाळी ते चिखलाचे पाय घेऊन आले की मी चहाच्या कपावरून भांडण काढायची. कागद घेऊन बसले, रागाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. काही उतरलं नाही. भीतीवर ठेवलं, तेही बसेना. भीती समोरच्या गोष्टीची असते. मला रात्रभर रानडुक्कर, साप आणि ओली वायर दिसायची, माणूस घरात पाय ठेवेपर्यंत. सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "धास्ती म्हंते त्याले." तो शब्द ऐकल्याबरोबर खांदे खाली आले. आणि काय करायचं तेही दिसलं. त्यांना 350 रुपयांचे गमबूट आणले, आणि दोन वाजता एक मिस्ड कॉल द्यायचा असं ठरलं. चहावरचं भांडण मिटलं.

म्हणूनच या कागदावर माझा राग आहे, आणि तो सविस्तर सांगणार आहे. मनातल्या गोष्टीला शब्द दिला की मेंदूचा धोक्याची घंटा वाजवणारा भाग शांत होतो, हे मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या अभ्यासात दिसलं आहे. मग शब्द नेमका हवा ना! कागदावरचे हे सहा म्हणजे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांची यादी. चेहऱ्यावरून जगभर ओळखू येणाऱ्या भावना त्यांनी शोधल्या होत्या, त्या कामाला ती ठीक. पण आमच्या घरातला दिवस सहा शब्दांत मावत नाही. एका म्हातारीचं दळण मी घाईत जाडं दळलं आणि ती काही न बोलता घेऊन गेली, तेव्हा लागली ती चुटपुट. चुटपुट असेल तर उठून जायचं आणि चूक दुरुस्त करायची. मी दुसऱ्या दिवशी बारीक पीठ घेऊन गेले. वैताग असेल तर आधी झोपायचं. झोप न झालेल्या माणसाचा मेंदू वाईट गोष्टीवर जास्त भडकतो. घालमेल असेल तर दोन्ही बाजू कोणापाशी तरी बोलायच्या. रुखरुख लवकर जात नाही, तिला सोबत घेऊनच काम करावं लागतं. या सगळ्यांवर 'दुःख' असा एकच शिक्का मारला तर औषध कोणतं द्यायचं?

फेब्रुवारीत बेअरिंगसाठी त्याच दुकानात जावं लागलं. दारातच पाय थबकले. पोळ्याच्या वेळी मला राग आला असंच मी इतके दिवस समजत होते. खरं तर चार माणसांत शरम वाटली होती. या वेळी सरळ सांगितलं, "भाऊ, तुमचं तवाचं बोलणं माह्या जिव्हारी लागलं." मग जुनी चिठ्ठी समोर ठेवून ग्यारंटीचं विचारलं. पैसे परत मिळाले नाहीत. पण मी पूर्ण बोलून आले, आणि घरी आल्यावर पोरीला कोठीमागे जावं लागलं नाही.

जिथे चालत नाही तेही लिहिते. कापसाचे पैसे अडकले असतील तर कोणत्याही शब्दाने ते सुटत नाहीत. अनेक रात्री झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कागदावर विसंबू नका. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. आशाताईंनाही सांगता येतं.

परवा मुलीची सहल रद्द झाली. दप्तर टाकून म्हणाली, "आई, मले राग नाही आला, माहा हिरमोड झाला." मी गिरणी अर्धा तास बंद ठेवली आणि तिच्याजवळ बसले. नंतर तिने तो शब्द स्वतः कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला, तिथे आम्ही लिहीत आलेल्या शब्दांतला तेविसावा.

गुण पाचपैकी चार. एक कापला तो छापणाऱ्यांसाठी: पुढच्या वेळी चेहरे लहान करा आणि खाली वीस-पंचवीस रिकाम्या ओळी सोडा. प्रत्येक घरातल्या म्हातारीला विचारून त्या भरता येतील.