बेळगावच्या टिळकवाडीतलं थेरपी सेंटर: आठ महिन्यांचा अनुभव

लेकाला घेऊन आठवड्यातून दोनदा खानापूरहून बसनं येते. आधीच्या एका डॉक्टरांनी "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत दीड वर्ष घालवलं. सासूबाई नवस बोलत राहिल्या. इथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, स्वमग्नता (ऑटिझम) हा औषधानं जाणारा आजार नव्हे, तुमच्या लेकाची जग समजून घ्यायची रीतच वेगळी आहे. मी तिथंच रडले.

मुख्य म्हणजे त्या त्याच्याशी मराठीत बोलतात. आधीच्या ठिकाणी घरातही फक्त इंग्रजी बोला म्हणाले होते. मग आजीशी त्यानं काय बोलायचं? परवा त्यानं पाण्याच्या तांब्याचं चित्र उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. हात न ओढता, न रडता मागितलेलं पहिलं पाणी.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आणि एक लाखापर्यंतच्या 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्याचे अर्जही त्यांनीच समजावून दिले. २०१६ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नता आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. कार्डावर तो शब्द नको म्हणून ह्यांनी महिनाभर अर्ज अडवून धरला होता.

तक्रार एकच. बाहेरच्या खोलीतला पंखा फार खडखडतो, लेक कान झाकून बसतो. तेवढा बदला.